नानांची केस: हाताचा झटका, घसरलेलं सोडियम आणि लांबलेला स्टिरॉइडचा कोर्स

पेशंट म्हणजे माझे सासरे, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. वय 64, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे द्राक्षबाग, बीपीची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू, साखर बॉर्डरवर, दारू-तंबाखू काही नाही. मी बी. फार्म. आहे, पंचवटीत आमचं मेडिकल आहे, त्यामुळे औषधांचा हिशोब, रिपोर्टची फाइल, डोसचा तक्ता हे सगळं माझ्याकडे होतं आणि अजून आहे. नानांना विचारूनच लिहितेय, ते म्हणाले लिही, फक्त गावाचं नाव टाकू नको. डॉक्टरांची आणि हॉस्पिटलची नावं पण देत नाहीये.

आजाराचं नाव अँटी-एलजीआय1 एन्सेफलायटिस. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एलजीआय1 नावाच्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागते. दोन पेशी जिथे एकमेकींशी जोडल्या जातात त्या फटीत हे प्रोटीन असतं, ते बिघडलं की पेशी नको तेवढ्या चेततात आणि सगळ्यात जास्त मार बसतो हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नवीन आठवणी जिथे तयार होतात त्या भागाला. हे प्रोटीनच खरं टार्गेट आहे हे 2010 मध्ये कळलं, त्याआधी रिपोर्टवर व्हीजीकेसी अँटिबॉडी असं मोघम नाव यायचं. आजार दुर्मिळ आहे, नेदरलँड्समधल्या अभ्यासात वर्षाला दहा लाखांमागे साधारण एक पेशंट निघाला. आता नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 61 लाखांच्या वर होती, म्हणजे कच्चा हिशोब केला तरी आपल्याच जिल्ह्यात दर वर्षी पाच-सहा माणसं या आजाराची असायला पाहिजेत, आणि त्यातली बरीचशी फिटचे पेशंट नाहीतर म्हातारपणाचा विसराळूपणा म्हणून कुठेतरी घरी बसलेली असणार असं मला मनापासून वाटतं. एवढं लांबलचक लिहायचं कारण तेच आहे.

सुरुवात गोडी छाटणीच्या वेळी झाली. नानांच्या उजव्या हातातून कात्री पडायला लागली. आधी वाटलं वय झालं, खांदा धरला असेल, गावातल्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढून शीर दबलीय म्हणून पट्टा दिला. पण नीट बघितलं की दिसायचं, हात नुसता सैल पडत नाहीये, कोपरातून एकदम आत ओढला जातोय आणि त्याच क्षणी उजवा गाल आणि ओठाची कड पण तशीच ओढली जातेय. एक-दोन सेकंदांत संपलं. नाना शुद्धीवर, बोलणं चालू, चहा मात्र बशीभर सांडलेला. दिवाळीपर्यंत हे दिवसात चाळीस-पन्नास वेळा व्हायला लागलं. आईंनी (सासूबाईंनी) त्यांना कपाऐवजी स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा द्यायला सुरुवात केली होती, त्यावरून कल्पना करा.

नंतर फिजिशियनकडे गेलो, फिटची शंका आली, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) केला तर नॉर्मल. या प्रकारच्या झटक्यात डोक्यावरून काढलेला ईईजी बऱ्याचदा नॉर्मलच येतो हे आता माहितीय, तेव्हा सगळे त्यावरच अडकले. लेव्हेटिरासिटाम 500 ही फिटची गोळी दोन वेळा सुरू झाली. झटक्यात काही फरक नाही, उलट नानांचा स्वभाव असा चिडका झाला की दिराशी बोलणं बंद, मजुरांवर ओरडणं, रात्री उठून मोटर चालू करायला जाणं. हे औषध काही लोकांना असं चिडचिडं करतं, पण नानांच्या बाबतीत त्यातलं किती गोळीचं आणि किती आजाराचं हे वेगळं काढता येत नव्हतं.

त्याच सुमारास रक्त तपासलं तर सोडियम 123, नॉर्मल 135 च्या वर पाहिजे, म्हणजे कितीतरी खाली. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर क्लोरथॅलिडोन होतं, ते सोडियम पाडतं, म्हणून सगळ्यांनी तिथे बोट ठेवलं आणि ते बरोबरच होतं, पहिला संशय तिथेच जायला पाहिजे. गोळी बदलली. सोडियम 128 ला गेलं आणि पुन्हा खाली 124. गोळी बंद करून इतके आठवडे झाले तरी सोडियम वर येत नाहीये म्हणजे कारण दुसरं काहीतरी आहे, हे मी फाइलवर पेनाने लिहून ठेवलं आणि प्रत्येक डॉक्टरला ते पान आधी दाखवलं. या आजारात निम्म्याहून जास्त पेशंटचं सोडियम कमी असतं, एलजीआय1 हायपोथॅलॅमसमध्येही असतं आणि तिथून पाणी धरून ठेवणारं हार्मोन जास्त सुटतं असं त्याचं कारण सांगतात.

डिसेंबरात विसरणं सुरू झालं. मुकादमाला एकाच आठवड्याचे पैसे दोनदा दिले. डिपिंग (द्राक्षाचे घड औषधात बुडवणं) झालं का हे सकाळपासून पाच वेळा विचारायचे. ओझरवरून घरी येताना रस्ता चुकले, ज्या रस्त्यावर आयुष्य गेलं तो. पाहुणे म्हणाले फवारणीचं औषध अंगात भिनलंय, ती शंका अगदीच खुळी नव्हती, बागेत आयुष्यभर फवारणी केलेला माणूस आहे, म्हणून कोलिनेस्टरेजची, म्हणजे फवारणीच्या विषबाधेची रक्ततपासणी पण केली, ती नॉर्मल आली. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, वणीला नेऊन आणा. आई गडावर जाऊन आल्या, त्याने त्यांना धीर आला, आणि तपासण्या पण थांबल्या नाहीत.

मग शहरातल्या न्यूरोच्या मॅडमकडे गेलो. माझ्या नवऱ्याने मोबाइलवर झटक्यांचे व्हिडिओ काढून ठेवले होते, एक जेवताना, एक वर्तमानपत्र वाचताना, चेहरा आणि हात दोन्ही फ्रेममध्ये येतील असे. मॅडमनी पहिला व्हिडिओ दोनदा बघितला, सोडियमचं पान बघितलं आणि तिथेच म्हणाल्या की हे फेशिओब्रेकियल डिस्टोनिक सीझर (चेहरा आणि हात एकदम ओढले जाणारे झटके) आहेत, ऑटोइम्यून असायची दाट शक्यता आहे, ॲडमिट करा. या झटक्यांचं नीट वर्णन 2011 मध्ये ऑक्सफर्डच्या टीमने केलं आणि ते इतके ठरावीक असतात की ओळखणाऱ्याला बघूनच कळतात. म्हणून घरात कोणाला असं काही होत असेल तर व्हिडिओ काढा, ओपीडीत गेल्यावर दहा मिनिटांत झटका येईलच असं नाही.

ॲडमिट केल्यावर एमआरआयमध्ये डाव्या हिप्पोकॅम्पसला सूज. पाठीतलं पाणी काढलं, ते जवळजवळ नॉर्मल आलं, पेशी वाढलेल्या नाहीत, प्रोटीन ठीक. एलजीआय1 मध्ये हे बऱ्याचदा असंच असतं, आणि अँटिबॉडी पण पाण्यापेक्षा रक्तात जास्त सापडते, त्यामुळे दोन्ही सॅम्पल पाठवले. हर्पिसचा एन्सेफलायटिस नाही हे नक्की होईपर्यंत ॲसायक्लोव्हिर चालू ठेवलं. कॅन्सर शोधायला पेट स्कॅन झाला, तो साफ आला, एलजीआय1 मध्ये ट्यूमर दहातल्या एकालाही सापडत नाही पण बघावं लागतं.

अँटिबॉडीचं सॅम्पल मुंबईला जातं, रिपोर्टला वेळ लागतो. मॅडम म्हणाल्या, रिपोर्टसाठी थांबणार नाही, हर्पिसची पीसीआर तपासणी निगेटिव्ह आली की स्टिरॉइड सुरू. त्यांनी ते का म्हटलं हे मी नंतर वाचलं तेव्हा पटलं. 103 पेशंटचा एक अभ्यास 2018 मध्ये आला, त्यात नुसत्या फिटच्या गोळ्यांवर महिन्याभरात साधारण दहातल्या एकाचेच झटके थांबले, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जोडल्यावर जवळपास निम्म्यांचे. आणि झटके विसरण्याच्या आधी सुरू होतात, म्हणजे त्या मधल्या काळात उपचार मिळाला तर स्मरणशक्ती वाचायची शक्यता जास्त. आमचा तो मधला काळ मानेच्या पट्ट्यात गेला. याआधी एका ठिकाणी कार्बामाझेपिन सुरू करायचं चाललं होतं, ते या झटक्यांवर इतर फिटच्या गोळ्यांपेक्षा थोडं बरं चालतं पण सोडियम अजून पाडतं आणि या आजारात फिटच्या औषधांनी अंगावर पुरळ यायचं प्रमाण पण बरंच आहे, 124 सोडियमवर ते दिलं असतं तर काय झालं असतं याचा विचार पण नको वाटतो.

मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड 1 ग्रॅम रोज, सलाइनमधून, पाच दिवस. तिसऱ्या दिवसापासून झटके कमी, डिस्चार्जला दिवसात चार-पाच. दोनेक आठवड्यांत सोडियम 136. रिपोर्ट आला, एलजीआय1 पॉझिटिव्ह. आयव्हीआयजीचा, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी सलाइनमधून देण्याचा पण विषय निघाला होता. त्याची 17 पेशंटवरची छोटी ट्रायल आहे, 2020 ची, त्यात औषधाच्या गटातल्या आठपैकी सहा जणांचे झटके निम्म्याहून कमी झाले आणि प्लासिबोत (औषध नसलेल्या सलाइनच्या गटात) नऊपैकी दोघांचे. पण 70 किलोच्या माणसाला किलोमागे 2 ग्रॅम म्हणजे 140 ग्रॅम, पाच ग्रॅमच्या 28 बाटल्या, आम्हाला आलेलं कोटेशन तीन लाखांच्या वर होतं. स्टिरॉइडने फरक पडतोय म्हटल्यावर ते राखून ठेवलं, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

आता या केसचा खरा गाभा. स्टिरॉइड सुरू करणं सोपं, ते महिनोन्महिने नीट चालवणं हे काम आहे. घरी प्रेडनिसोलोन 60 मिग्रॅ, महिनाभर तेच, मग दर दोन आठवड्यांनी 5 ने कमी. सगळी गोळी सकाळी नाश्त्यानंतर, रात्री घेतली की झोप उडते. साखरेचं एक सांगते कारण हे खूप घरांत चुकतं: सकाळी स्टिरॉइड घेतलं की उपाशीपोटीची साखर चांगली दिसते आणि दुपारनंतर चढते. नानांची उपाशी 108 आणि दुपारी चारला 362. फक्त सकाळी सुई टोचून बघितलं असतं तर सगळं ठीक आहे म्हणून बसलो असतो. सकाळचं एनपीएच इन्सुलिन सुरू केलं, त्याचा जोर दुपारीच असतो म्हणून ते बरोबर बसतं, आणि स्टिरॉइड कमी केलं की इन्सुलिन पण कमी करायचं, नाहीतर साखर खाली जाते.

बाकी कॅल्शियम, डी3, आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेट, फुप्फुसातल्या न्यूमोसिस्टिस इन्फेक्शनसाठी को-ट्रायमोक्साझोल. ती सुरू झाली तेव्हा मी मॅडमना आठवण केली की नाना टेल्मिसार्टनवर आहेत, दोन्ही मिळून पोटॅशियम वाढवतात, म्हणून पहिल्या महिन्यात दर आठवड्याला पोटॅशियम बघितलं. स्टिरॉइडच्या आधी काढलेली टीबीची इग्रा टेस्ट पॉझिटिव्ह आली होती, छातीचा सीटी साफ, म्हणजे टीबी झोपलेला. आपल्याकडे हे फार कॉमन आहे आणि प्रतिकारशक्ती दाबली की तो उठू शकतो. त्यासाठी आयसोनियाझिड आणि बी6 सहा महिने, दर महिन्याला लिव्हरची तपासणी. रिफाम्पिसिनवाले छोटे कोर्स मुद्दाम टाळले, कारण ते प्रेडनिसोलोन शरीरातून लवकर संपवतात, म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेतल्यासारखं. शेतात अनवाणी चालणारा माणूस म्हणून स्ट्राँगिलॉइड्स जंतासाठी आयव्हरमेक्टिन पण आधी दिलं, स्टिरॉइडवर तो जंत अंगभर पसरू शकतो, शेतकऱ्यांच्या बाबतीत हे विचारून घ्याच.

नाना सुधारत होते. मार्चमध्ये स्वतः बागेत जाऊन व्यापाऱ्याशी भाव ठरवला. झटके शून्य. मग मे महिना आला, लग्नसराई, आणि ज्याला त्याला नानांचा चेहरा दिसायला लागला. गाल फुगलेले, मानेवर मांस. "काय नाना, तब्येत सुधारली!" असं एकीकडे, आणि "स्टिरॉइड खातोस? किडनी जाईल, हाडं भुसभुशीत होतील, बंद कर" असं दुसरीकडे. एका जवळच्या पाहुण्याने तर घरी येऊन अर्धा तास समजावलं. नाना मला म्हणाले, "पोरी, झटके गेले ना आता, मग कशाला?" मी समजावलं, त्यांनी मान डोलावली, आणि 30 च्या जागी गुपचूप 10 घ्यायला लागले.

मला कळलं ते स्ट्रिपवरून. दहाच्या तीन गोळ्या रोज म्हणजे दहा गोळ्यांची स्ट्रिप चौथ्या दिवशी संपायला पाहिजे, आणि नानांच्या डब्यात तीच स्ट्रिप आठवडा झाला तरी होती. तोपर्यंत उजवा गाल परत ओढायला लागला होता, जूनच्या पहिल्या पावसात दिवसाला वीस झटके आणि सोडियम 129. नशीब म्हणजे त्यांनी एकदम शून्य केलं नव्हतं. इतके महिने बाहेरून स्टिरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, अचानक बंद केलं तर उलट्या, बीपी खाली, माणूस कोसळू शकतो.

मला त्या पाहुण्याचा राग नाही. मेडिकलच्या काउंटरवर मी रोज दोन्ही टोकं बघते. सांधे दुखतात म्हणून चिठ्ठीशिवाय डेक्सा (डेक्सामेथासोन, हेही स्टिरॉइडच) मागणारे आणि ज्याला जगायला स्टिरॉइड लागतंय त्याला "वाईट असतं ते" सांगून सोडायला लावणारे, बऱ्याचदा तीच माणसं. स्टिरॉइडचे तोटे खरेच आहेत, आमच्या घरात साखर, सूज, मूड सगळं झालं. पण ते तोटे बघून, मोजून, सांभाळता येतात. हिप्पोकॅम्पसची गेलेली पेशी परत आणता येत नाही. ज्यांना हा आजार झाला त्यांच्यात साधारण तीन-चार जणांतल्या एकाला तो उलटतो, आणि डोस घाईने कमी करणं हा त्यातला मोठा धोका. पेशंट बरा दिसायला लागतो तेव्हाच घरच्यांनी जास्त लक्ष द्यायचं असतं.

दुसऱ्यांदा मिथाइलप्रेड दिलं आणि यावेळी मॅडमनी रिटुक्सिमॅब सुचवलं, म्हणजे स्टिरॉइडवर कायम अवलंबून राहायला नको. हे औषध सीडी20 असलेल्या बी पेशी संपवतं, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी त्यांच्यातूनच तयार होतात. एलजीआय1 साठी याची मोठी ट्रायल नाही, लेबलवर हा आजार नाही, हे मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं. पण या आजारातली अँटिबॉडी मुख्यतः आयजीजी4 प्रकारची आहे आणि तशा इतर आजारांत रिटुक्सिमॅब चांगलं चालतं, म्हणून विचार पटला. खर्च आवाक्यात आला तो भारतीय कंपन्यांमुळे, रिटुक्सिमॅबचं भारतातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं) 2007 मध्येच बाजारात आलं होतं.

देण्याआधी हेपटायटिस बीच्या दोन्ही तपासण्या लागतात, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी टोटल. नुसतं पहिलं निगेटिव्ह असून पुरत नाही, जुना लपलेला हेपटायटिस रिटुक्सिमॅबने जोरात उठू शकतो. दोन्ही निगेटिव्ह आल्यावर 1 ग्रॅमचे दोन डोस, मध्ये दोन आठवडे. त्या सकाळी बीपीची गोळी द्यायची नाही, कारण सलाइन चालू असताना बीपी पडतं. आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीचं एव्हिल, स्टिरॉइडचं इंजेक्शन, मग अगदी हळू सुरुवात. तासाभरात नानांचा घसा खाजायला लागला, थंडी वाजली, सिस्टरने लगेच बंद केलं, अर्ध्या तासाने कमी स्पीडवर चालू केलं, संध्याकाळपर्यंत संपलं. दुसऱ्या डोसला काही त्रास नाही. झटके महिन्याभरात थांबले आणि यावेळी प्रेडनिसोलोन लवकर उतरवता आलं.

डिसेंबरात नागीण उठली. उजव्या बरगडीखाली पट्टा, फोड. शेजारच्या मावशी गेरू घेऊन आल्या, तोंड शेपटीला मिळालं तर माणूस जातो म्हणाल्या. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजण्यांचा विषाणू मज्जातंतूत लपलेला असतो तो, प्रतिकारशक्ती दबली की बाहेर येतो, आणि पट्टा शरीराच्या एकाच बाजूला राहतो. फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध लागतं, किडनीसाठी क्रिएटिनिन बघून त्याच दिवशी व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम तीन वेळा सुरू केलं. डोळ्याजवळ असती किंवा अंगभर पसरली असती तर ॲडमिट करावं लागलं असतं. नागिणीची शिंग्रिक्स लस 2023 पासून भारतात मिळते, ती जिवंत लस नाही, आणि वेळ असेल तर रिटुक्सिमॅबच्या आधी घेणं चांगलं. आमच्याकडे झटके परत आल्यामुळे तेवढा वेळच नव्हता. जिवंत लसी नानांना बंद आहेत, आणि नातवाला पोलिओचे थेंब दिले की काही आठवडे त्याचं डायपर बदलायचं काम नानांकडे नसतं, तो विषाणू शीमधून येतो म्हणून.

पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जायचा नानांचा हट्ट होता, दर वर्षी दिंडीबरोबर जाणारा माणूस. थंडी, गर्दी, उघड्यावरचं जेवण, नुकतीच बसलेली नागीण. मॅडम नाही म्हणाल्या. नाना दोन दिवस बोलले नाहीत, मग गर्दी ओसरल्यावर नवऱ्याबरोबर गाडीने जाऊन दर्शन घेऊन आले, मास्क लावून.

नागीण पूर्ण बरी झाल्यावर फेब्रुवारीत रिटुक्सिमॅबचा दुसरा राउंड झाला. आज झटके नाहीत, सोडियम 138, इन्सुलिन बंद, प्रेडनिसोलोन 5 वर आहे. स्मरणशक्ती पूर्ण आली नाही. रोजचं चालतं, बागेचं नियोजन दीर करतो पण नाना चुका दाखवतात आणि त्या बरोबर असतात. आजारातले चार-पाच महिने मात्र कोरे आहेत. थोरल्या नातीचा साखरपुडा त्याच काळात झाला, फोटोत ते तिच्या शेजारी हसत उभे आहेत, आणि ते दर वेळी फोटो हातात घेऊन विचारतात की मी काय बोललो होतो तेव्हा. ती त्यांना दर वेळी सगळं सांगते.

आता बघायचं ते दोन गोष्टींचं. सीडी19 चा रिपोर्ट सांगतो बी पेशी परत येतायत का, आणि आयजीजीची पातळी सांगते की शरीराकडे चांगल्या अँटिबॉडी किती उरल्यात. मागचं आयजीजी 540 आलं, नॉर्मल 700 च्या वर पाहिजे. अजून खाली गेलं आणि छातीचे इन्फेक्शन सुरू झाले तर तिसरा राउंड पुढे ढकलायचा, नाहीतर ऑगस्टमध्ये द्यायचा, असं मॅडमनी सांगितलंय. स्टिरॉइड पूर्ण बंद करण्याआधी सकाळचं कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड) तपासायचंय. तोपर्यंत नानांच्या खिशात एक चिठ्ठी असते, त्यावर लिहिलंय की हे स्टिरॉइडवर आहेत, जास्त ताप, उलट्या किंवा ऑपरेशन असेल तर डोस वाढवावा लागतो, आणि खाली माझा नंबर.